मुदत संपलेला पासपोर्ट

दिल्लीत मी बावीस वर्षं आंतरराष्ट्रीय राजकारण शिकवते आहे, आणि त्यातली बरीचशी वर्षं ज्या थाटात शिकवलं त्याची आज मला चीड येते. शिकवलं ते खोटं नव्हतं. सन बरोबर होते, तह बरोबर होते. १६४८ साली युरोपातले राजे तीस वर्षं एकमेकांचे गळे कापून थकले, वेस्टफालियात बोलणी झाली, आणि प्रत्येक राज्य आपापल्या हद्दीत सार्वभौम असं पुढे मानलं गेलं. तिथून व्हिएन्ना, तिथून व्हर्साय, मग दुसरं महायुद्ध, आणि शेवटी सगळ्या देशांना एकेक मत आणि पाच देशांना नकाराधिकार. फळ्यावर मी डावीकडून उजवीकडे एक लांब बाण काढायचे. त्याच्याकडे बघून वाटायचं, जग हळूहळू सुधारत आपल्यापर्यंत येऊन पोचलंय. मुलं उतरवून घ्यायची, परीक्षेत लिहायची, पास व्हायची.

त्या बाणाला पहिली हरकत घेतली एका अफगाण मुलीने. एम.ए.च्या वर्गात ती दुसऱ्या रांगेत बसायची. हेरातची. वडील शाळामास्तर. शिष्यवृत्तीवर बी.ए.साठी दिल्लीत आली आणि इथे असतानाच तिकडे काबूल पडलं. परत जाण्याचा प्रश्न मिटला, कारण धाकट्या बहिणीची शाळाच सहावीनंतर बंद झाली होती. हिचं तिथे काय झालं असतं ते सांगायला नको. लहानपणापासून हिंदी मालिका बघितल्यामुळे हिंदी माझ्यापेक्षा चांगलं बोलायची.

मी राज्याच्या मान्यतेवर बोलत होते. सरकार बदलतं, नव्या सरकारला जग मान्यता देतं किंवा देत नाही, वगैरे. तिने हात वर केला.

“मॅम, सरकार को कोई नहीं मानता, ठीक है. मगर लोग? उन लोगों को कौन मानता है?”

मी म्हटलं, “नागरिकत्व राज्याचं असतं, सरकारचं नसतं. सरकार गेलं तरी नागरिकत्व राहतं.”

“किताब में रहता है,” ती म्हणाली आणि खाली बसली.

तास संपल्यावर ती स्टाफरूममध्ये आली आणि तिने टेबलावर तिचा पासपोर्ट ठेवला. मार्चमध्ये मुदत संपत होती. युरोपातल्या एका विद्यापीठाने तिला पीएच.डी.साठी घेतलं होतं, शिष्यवृत्तीसकट. एक एप्रिलला हजर व्हायचं होतं. व्हिसासाठी पासपोर्ट चालू हवा. पासपोर्ट नवा करून द्यायचा तिच्या देशाच्या दूतावासाने. आणि ज्या सरकारने तो दूतावास उघडला ते सरकार उरलं नव्हतं, जे सरकार आता होतं त्याला जग मानत नव्हतं, आणि दिल्लीतल्या त्या फाटकाला कुलूप होतं. ती तिथे तीनदा जाऊन आली होती.

मी तिला घरी घेऊन आले. गुरुग्रामला आमच्याबरोबर माझे वडील राहतात. वय एकोणऐंशी, केंद्र सरकारातून अवर सचिव म्हणून निवृत्त. कागद नीट लिहिला की तो चालतो, यावर त्यांची श्रद्धा आहे. देवावर नाही, कागदावर आहे. त्यांनी चष्मा लावला, पासपोर्ट पानन् पान बघितला आणि म्हणाले, “बस बेटा. आपण अर्ज करू.”

तीन अर्ज केले. एक आपल्या सरकारकडे, एक त्या युरोपीय देशाच्या व्हिसा कार्यालयाकडे, एक निर्वासितांचं काम बघणाऱ्या जागतिक संस्थेकडे. बाबांनी मसुदे केले, मी टाइप केले, तिने सह्या केल्या. आपल्याकडून उत्तर आलं की विषय संबंधित दूतावासाच्या अखत्यारीत येतो. व्हिसावाल्यांनी लिहिलं, आम्हाला सहानुभूती आहे, परंतु वैध प्रवासपत्राशिवाय अर्ज स्वीकारता येत नाही. तिसऱ्या ठिकाणी तिला सांगितलं, नाव नोंदवता येईल, मुलाखतीला वेळ लागेल, आणि एकदा निर्वासित म्हणून नोंदलीस की विद्यार्थी म्हणून मिळालेल्या परवान्याचं काय होईल ते आम्ही सांगू शकत नाही. ते इथल्या सरकारला विचार. इथलं सरकार कोणाला विचारायला सांगत होतं ते वर लिहिलंच आहे.

मला आठवतंय, तिसरं उत्तर मिळालं त्या संध्याकाळी मी घरात अक्षरशः ओरडले. शंभर वर्षांपूर्वी पहिल्या महायुद्धानंतर देश हरवलेल्या लोकांसाठी एक खास प्रवासपत्र काढलं होतं, कितीतरी देशांनी ते मान्य केलं होतं. मी ते दरवर्षी शिकवते! तेव्हा जमलं, मग आता काय धाड भरली? आणि आपण? निर्वासितांच्या करारावर आपण आजवर सही केलेली नाही. जगाला शहाणपण शिकवायला मात्र आपण पुढे.

“ओरडून कागद हलत नाही,” बाबा म्हणाले.

“तुमचा लिहूनही हलला नाही.”

मला लगेच वाईट वाटलं, पण शब्द मागे घेतला नाही.

डिसेंबरात एक परिसंवाद होता. दिल्लीतलं मोठं हॉटेल, प्रत्येक टेबलावर पांढरी फुलं, विषय ‘नियमांवर आधारलेली जागतिक व्यवस्था’. मी आयोजन समितीत होते आणि शेवटच्या सत्राचं सूत्रसंचालन माझ्याकडे होतं. पाहुणे होते त्याच युरोपीय देशाचे एक निवृत्त राजदूत. त्यांच्या देशाचे सैनिक कित्येक वर्षं अफगाणिस्तानात होते. मी मुद्दाम त्या मुलीसाठी पास मिळवला. म्हटलं, हिला प्रश्न विचारू दे. कोणाच्या तरी कानावर जाईल, कुठेतरी एखादा फोन फिरेल.

राजदूत गोड बोलले. चुका झाल्या म्हणाले, पण व्यवस्था टिकली हे महत्त्वाचं. ‘चुका झाल्या’ हे वाक्य मला फार चांगलं माहीत आहे. त्यात चुका करणारा कोणी नसतो. अफगाणिस्तानच्या पूर्व सरहद्दीची रेघसुद्धा अशीच एका इंग्रज अधिकाऱ्याने आखली, टोळ्यांची घरंदारं मधोमध कापून. तीही पुस्तकात ‘आखली गेली’ अशीच असते.

प्रश्नोत्तरं सुरू झाली. तिसऱ्या रांगेतून तिचा हात वर गेला. मी आधी एका माजी अधिकाऱ्यांना संधी दिली, मग एका पत्रकाराला. तिचा हात वरच होता. तेवढ्यात आयोजकांपैकी एकाने मागून येऊन माझ्यासमोर चिठ्ठी ठेवली. ‘विद्यार्थ्यांचे प्रश्न नकोत. वेळ संपली म्हणा.’ माझ्यासमोरच्या घड्याळात अजून नऊ मिनिटं होती. हॉलमध्ये ते घड्याळ फक्त मला दिसत होतं.

आणि मी म्हटलं. “दुर्दैवाने आपली वेळ संपली आहे.”

का म्हटलं याची कारणं मी नंतर पुष्कळ शोधली. पुढच्या वर्षीचं अनुदान, समितीतली जागा, चारचौघांतला संकोच. एकही कारण असं सापडलं नाही की जे तिला तोंडावर सांगता येईल. चहाच्या वेळी राजदूतांनी माझा हात हातात घेऊन सांगितलं की सत्र उत्तम झालं. मी थँक यू म्हटलं. त्या थँक यूची आठवण आली की आजही कानशिलं तापतात.

परतताना मेट्रोत ती माझ्या शेजारी उभी होती. तीन स्टेशनं गेली. शेवटी मीच विचारलं, “काय विचारणार होतीस?”

“सिर्फ इतना, कि आपके सैनिक हमारे मुल्क में आए, तब उन्होंने वीज़ा कहाँ से लिया था?”

समोर बसलेल्या बाई मान वर करून आमच्याकडे बघायला लागल्या, कारण मी हसले होते आणि रडतही होते.

घरी येऊन मी समितीचा राजीनामा दिला. राजीनामा सोपा असतो. त्याने कोणाचं काही अडत नाही, आपल्यालाच जरा बरं वाटतं. तिचा प्रश्न मी त्या राजदूतांना तिच्या नावाने पाठवला. चार दिवसांनी उत्तर आलं, ‘अतिशय रोचक दृष्टिकोन’. पुढे काही नाही.

जानेवारीत संक्रांतीला बाबा दरवर्षी पानिपतला जातात. काला अंबचं स्मारक दिल्लीहून काही फार लांब नाही. इथली मराठी माणसं गाड्या करून येतात, महाराष्ट्रातूनही बस येतात. त्या वर्षी बाबा तिला म्हणाले, “तूही चल.” मी घाबरले. समोर उभं ठाकलेलं सैन्य तिच्या मुलखातून आलेलं, आणि इथे त्या दिवशी माणसं भावनेच्या भरात असतात. ती म्हणाली, “मला बघायचं आहे. आमच्याकडे ते सैन्य आणणाऱ्या बादशहाला बाबा म्हणतात, राष्ट्राचा बाप. पानिपत आमच्या पुस्तकात एका ओळीत संपतं.”

धुकं होतं. विटांच्या स्तंभापाशी लोक हार वाहत होते. बाबा हात जोडून बराच वेळ उभे राहिले. तीही थोडं मागे उभी राहिली, डोक्यावर ओढणी घेऊन. बसने आलेले एक गृहस्थ सगळ्यांना तीळगूळ वाटत होते. पन्नाशीचे, भगवा फेटा, चेहऱ्यावर छान हसू. तिच्यापाशी येऊन तिच्या हातावर वडी ठेवता ठेवता त्यांनी विचारलं, “कुठल्या तुम्ही?”

मराठी कळली नाही, तरी प्रश्न तिला समजला. “अफ़ग़ानिस्तान. हेरात.”

त्यांचा हात मागे गेला. वडी परत डब्यात पडली. आजूबाजूच्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, “हिच्या लोकांनी आपल्याला इथं कापलं, आणि हिला कोणी आणलं?”

मी अजून तोंड उघडते आहे, तोवर बाबा पुढे झाले होते. बाबांनी आयुष्यात कोणावर आवाज चढवलेला मी बघितला नव्हता.

“मी आणलं. माझी पाहुणी आहे. तुम्ही कोण?”

“काका, इतिहास जरा...”

“इतिहास मला शिकवू नका! पंचवीस वर्षं येतोय इथे. जे मेले ते राजांच्या भांडणात मेले. या पोरीला आज राजा नाही, सरकार नाही, पासपोर्ट नाही. जगातलं एक दार तिला उघडत नाही, आणि तुम्ही तिळाची एक वडी मागे घेता? तीळगूळ घ्या, गोड बोला, हे तोंडाने म्हणता ना? लाज नाही वाटत?”

ते गृहस्थ काहीतरी पुटपुटत पुढच्या माणसाकडे गेले. कोणी मध्ये पडलं नाही. मात्र त्यांच्याच बसमधली एक बाई मागाहून आली, आपल्या पिशवीतल्या तीन-चार वड्या तिच्या ओंजळीत घातल्या आणि निघून गेली.

गाडीत तिने मला विचारलं, “बाबाजान ने क्या कहा?” मी सगळं हिंदीत सांगितलं. तिने वडीचा तुकडा मोडून पुढच्या सीटवर बाबांना दिला. आणि मी मागे बसून एकच गोष्ट मोजत होते. एकोणऐंशी वर्षांच्या माणसाला तोंड उघडायला एक क्षण लागला. मला नऊ मिनिटं मिळाली होती.

मार्चमध्ये पासपोर्ट संपला. एक एप्रिल आला आणि गेला. विद्यापीठाने कळवलं की जागा पुढे ढकलता येत नाही, पुढच्या वर्षी वैध कागदपत्रांसह पुन्हा अर्ज करावा. मी त्यांना फोन केला, खूप बोलले. पलीकडची बाई नम्रपणे ऐकत राहिली. तिच्या हातात काही नव्हतं. या व्यवस्थेची हीच खुबी आहे. ज्याच्या हातात असतं तो कधी फोन उचलत नाही.

इथे राहायची मुदत मात्र वाढवून मिळाली, एका सुट्या कागदावर, सहा-सहा महिन्यांनी. ती आता गुरुग्राममधल्या एका इस्पितळात दुभाषी आहे. तिच्या देशातून जे थोडे रुग्ण अजून येऊ शकतात, त्यांना डॉक्टर काय म्हणतो ते सांगते. चांगल्या बातम्याही सांगते, वाईटही. युरोपात तिने पुन्हा अर्ज केला नाही. “पुष्कळ मागून झालं, मॅम,” एवढंच म्हणाली. मी आग्रह धरला नाही. तो हक्क मी हॉटेलच्या त्या हॉलमध्ये गमावला.

दुपारची पाळी नसली की ती आमच्याकडे येते, जेवणाच्या टेबलावर फोन उभा करते आणि हेरातमधल्या आठ मुलींना शिकवते. तिची बहीण आणि बहिणीच्या मैत्रिणी. गणित आणि इंग्रजी. इंग्रजीचं व्याकरण बाबांकडे. ते खुर्ची ओढून बसतात आणि कर्मणी प्रयोग समजावतात, ती त्याचं फारसी करते. बाबा चिडले की पलीकडे आठही जणी हसतात.

एका दुपारी फोन लागेना. तिकडे देशभराचं इंटरनेटच बंद केलं होतं. ती दीड तास पडद्याकडे बघत बसली. बाबांनी चहा आणून ठेवला, तो गार झाला. दुसऱ्या दिवशीही तेच. मी वर्गावर गेले आणि फळ्यावर काही न लिहिता तासभर याच गोष्टीवर बोलले. मुलांनी विचारलं, हे परीक्षेला येणार का? मी म्हटलं, नाही.

तिसऱ्या दिवशी फोन लागला. पडद्यावर सहा जणी होत्या. एकीचं लग्न ठरलं होतं, एकीचा फोन भावाने काढून घेतला होता. तिने दोघींची नावं वहीत लिहिली, त्यांच्यापुढे जागा कोरी ठेवली, आणि उरलेल्या सहा जणींना मागच्या तासाचा गृहपाठ विचारायला सुरुवात केली.