दारात उभी राहिलेली बाई

काल टीव्हीवर एक सिनेमा पाहिला. दोन तरुण मोटारसायकलवरून अख्खं खंड पालथं घालतात आणि शहाणे होऊन परततात. वाटेत गाडी बंद पडते तेव्हा एक म्हातारी त्यांना घरात घेते, गरमागरम जेवू घालते. सकाळी ते निघतात. ती दारात हात हलवत उभी, आणि कॅमेरा मात्र गाडीमागे धावतो. माझं डोकंच फिरलं. अरे, एकदा तरी मागे वळून बघा की!

आमचं घर घाटाच्या पायथ्याशी होतं. भारतभ्रमणाला निघालेले असेच दोघे, गाडी बिघडली म्हणून आमच्याकडे राहिले. आईने पिठलं-भाकरी केली, स्वतःची गोधडी त्यांना दिली. निघताना त्यांनी चुलीपाशी तिचा फोटो काढला. ती लाजून हसली.

“काकू, पत्ता द्या. फोटो नक्की पाठवतो.”

पत्ता मीच लिहून दिला. वर्षभर आई पोस्टमनला विचारत राहिली.

प्रवासाने माणूस घडतो म्हणे. कसला घडतो? साधं एक पाकीट टाकवत नाही!

आई गेली तेव्हा मतदार ओळखपत्रावरचा फोटो मोठा करून भिंतीवर लावला. त्यात ती घाबरलेली दिसते. हसणारी आई कुणाच्या तरी अल्बममध्ये आहे, आणि तिथे तिचं नावही कुणाला माहीत नाही.