परिचयातली दादाची ओळ

बंदरातल्या कंपनीच्या स्टोअरमधून निवृत्त झाल्यावर मी गोदामांतला माल मोजून, पडताळून देण्याचं काम सुरू केलं. मुलीने वेबसाइट करून दिली आणि परिचय मलाच लिहायला लावला. नोकरी कशी लागली, ही ओळ सोडली तर बाकी लिहायला काही अवघड नव्हतं.

पनवेल-उरणच्या गावांत हे समजवावं लागत नाही. जमीन प्रकल्पात गेली की दाखला मिळायचा, आणि एका दाखल्यावर घरातल्या एकालाच नोकरी. आमच्याकडे ती मला मिळाली. मोठा म्हणून हक्क आपला होता, आपण तो धाकट्याला दिला, असं दादा प्रत्येक लग्नात, बारशात सांगत आला. मी कधी मध्ये बोललो नाही.

दादाचा नवा जावई पहिल्यांदा जेवायला येणार होता, त्या रविवारी आम्हीही गेलो. जिताड्याचं कालवण होतं. माझ्या मुलीने मोबाइलवरून माझा परिचय वाचायला घेतला. ‘प्रकल्पग्रस्तांच्या कोट्यातून लिपिक म्हणून निवड’ इथे दादाने हात वर केला.

“थांब. नोकरी कोनी दिली ते नाय लिवलं?”

“दाखल्यावर लागली, दादा.”

“मोटा मी हाय ना? जावईबापू, मी मिठागरात पाय जाळलं म्हनून ह्यो सायब पंख्याखाली बसला. आता जगाला सांगतंय, आपोआप झालो.”

जावई हसला. वहिनी म्हणाली, “घाला ना भावजी एक ओळ. तुमचं काय जातंय?”

माझं काही जात नव्हतं. पण न मोजलेला माल मी कधी कागदावर चढवला नाही.

“घालतो,” मी म्हणालो, “पण मग सगळं घालतो. जागा लिपिकाची, दहावी पास लागायचं. दादा दोनदा बसला, दोन्ही वेळा गणितात गेला. त्याचा अर्ज परत आला, तेव्हा बाबांनी माझा भरला. द्यायला नोकरी त्याच्या हातात कधी आलीच नव्हती.”

जावई ताटातले काटे बाजूला काढत राहिला.

“मला नाय आठवत,” दादा म्हणाला.

“मला आठवतं. पोस्टमनकडून तो अर्ज मीच घेतला होता.”

जेवण उरकलं. हात धुवायला उठलो तेव्हा दादा मागून आला. “जावयासमोर सांगायचं नव्हतं रे.”

“जावयासमोर विचारायचं नव्हतं.”

गाडीत मुलगी म्हणाली, “‘मोठ्या भावाच्या पाठिंब्याने’ एवढं तरी घालू या, बाबा.” मी विचारलं, कशाला दिलेला पाठिंबा? ओळ आहे तशीच वेबसाइटवर गेली.

पुढे गावातल्या एका हळदीला आम्ही एकाच मांडवात होतो. दादाच्या शेजारच्या पाहुण्याने माझ्याकडे बोट केलं. “बंदरात होता तो भाऊ ना तुमचा? नोकरी कशी लागली त्याला?”

दादाची गोष्ट नेहमी इथूनच सुरू व्हायची. त्याने समोर बसलेल्या जावयाकडे पाहिलं.

“लागली,” तो म्हणाला, आणि वाढणाऱ्याकडे पाणी मागितलं.