कॅरल खरं बोलत होती

हे मी आजवर कुणापाशी बोललेलो नाही. मुलीपाशी नाही, इथल्या मराठी मंडळातल्या मित्रांपाशी नाही, आणि ज्याला सगळ्यात आधी सांगायला हवं होतं त्या रॉनपाशी तर नाहीच. तुम्ही मला ओळखत नाही. म्हणून कदाचित तुम्हाला सांगणं जमेल. बघतो.

माझ्याकडे पिस्तूल आहे — नाही, कबुली ही नव्हे. पण सुरुवात इथूनच करावी लागेल. मी मूळचा नागपूरचा, अमेरिकेत ईडन प्रेरी गावात राहायला येऊन एकोणीस वर्षं झाली. सिटिझनशिप मिळाली त्याच सुमारास आमच्या रस्त्यावर दोन घरं सोडून चोरी झाली, तीही घरात माणसं असताना. मी रीतसर क्लास केला, परमिट काढलं, पिस्तूल घेतलं. वैशालीला, माझ्या बायकोला, ते अजिबात आवडलं नव्हतं. तिने एकच अट घातली — वरच्या मजल्यावरच्या तिजोरीत, कुलपात. मी ती पाळली. ती होती तोवर पाळली.

वैशाली गेल्यावर घर फार मोठं झालं. मुलगी मुक्ता सिएटलला असते. महिन्यातून दोनदा फोन करते, मी मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, दहा मिनिटांत दोघांचंही बोलणं संपतं. माझं काम घरूनच. सोमवारी सकाळच्या मीटिंगमध्ये ‘गुड मॉर्निंग’ म्हणताना आवाज घोगरा निघायचा, आणि तेव्हा लक्षात यायचं, की शुक्रवारपासून आपण तोंडच उघडलेलं नाही. अशा घरात बारीकसारीक आवाजही मोठे होतात. पिस्तूल तिजोरीतून निघून स्वयंपाकघरातल्या ड्रॉवरमध्ये, नॅपकिनांखाली कधी आलं, ते नक्की आठवत नाही. मीच आणलं. दुसरं कोण आणणार?

दोन वर्षांपूर्वी इथे स्टेट सिनेटची निवडणूक होती. घरातली बंदूक कुलपातच ठेवायला हवी, असा कायदा राज्यात आणायचं चाललं होतं, आणि आमच्या भागात सगळा प्रचार त्याच्याभोवती फिरत होता. आमचा उमेदवार कायद्याच्या विरोधात. नेमबाजीच्या रेंजवर कुणीतरी विचारलं, येतोस का मदतीला? मी गेलो. दारोदार पत्रकं वाटली. मला ते पटत होतं — आजही पटतं. एकट्या माणसाच्या घरात कुणी घुसलं तर त्याने आधी किल्ली शोधायची का? पण खरं सांगू? मी नुसता पटलं म्हणून जात नव्हतो. शनिवारी सकाळी प्रचाराच्या ऑफिसात शिरलो की चारपाच जण माझं नाव घेऊन हाक मारायचे. कुणीतरी माझ्यासाठी कॉफी ओतून ठेवलेली असायची.

मंडळात यातलं काहीच कुणाला माहीत नव्हतं. दिवाळीच्या कार्यक्रमात कुणी ‘हे बंदूकवाले म्हणजे वेडे आहेत यार’ म्हणालं, की मी तोंडात चिवड्याचा बकाणा भरायचो. हा भित्रेपणाच. पण हा लहान.

आता रॉन आणि कॅरलबद्दल. माझे शेजारी, दोघंही पंचाहत्तरीच्या आसपास. रॉन शाळेत गणित शिकवायचा. वैशाली गेली त्या आठवड्यात कॅरल रोज यायची. ड्रायरमधले कपडे काढून, घड्या घालून ठेवायची आणि जायची. वैशालीच्या कपड्यांच्या घड्याही तिनेच घातल्या, कारण माझ्याने त्यांना हात लाववत नव्हता.

त्यानंतर वर्षा-दीड वर्षाने ती विसरायला लागली. आधी नावं, मग गॅस, मग रस्ते.

आमची दोघांची घरं एकाच बिल्डरने बांधलेली, एकाच नकाशाची. गॅरेजमधून आत शिरलं की थेट स्वयंपाकघर. ऑक्टोबरमधली दुपार होती, तीनचा सुमार. मी सामान घेऊन आलो होतो आणि गॅरेजचं मोठं दार उघडंच राहिलं होतं. सिंकपाशी भाजी चिरत होतो. पाठीमागे दाराची मूठ फिरल्याचा आवाज आला.

मी ‘कोण आहे’ असं विचारलं नाही. ड्रॉवर उघडला, वळलो आणि पिस्तूल रोखलं.

दारात कॅरल होती. निळा स्वेटर, हातात त्यांच्या टपालपेटीतली पत्रं. तिने माझ्याकडे पाहिलं — आपल्या घरात शिरलेल्या चोराकडे बघावं तसं. तिच्या लेखी ते तिचंच स्वयंपाकघर होतं ना! तिने हात वर केले. पत्रं खाली पडली.

“हवं ते घेऊन जा,” ती म्हणाली. “पण रॉनला काही करू नकोस. तो झोपलाय.”

ती बोलण्याआधीच मी तिला ओळखलं होतं. तरी तिची सगळी वाक्यं पुरी होईपर्यंत पिस्तूल खाली आलं नाही. भीतीने हात थिजले होते, असं म्हणता येईल. पण ते खरं आहे का? की इतक्या दिवसांनी कुणीतरी आपल्याकडे एवढं पूर्ण लक्ष देऊन बघतंय, म्हणून —? मला माहीत नाही. मी या प्रश्नाशी फार वेळ थांबत नाही.

मग मी ते ड्रॉवरमध्ये ठेवलं. पत्रं गोळा केली. “कॅरल, अगं मी आहे,” म्हणालो. तिचे हात खाली येईनात. मी तिचा दंड धरून हळूहळू तिला लॉनवरून पलीकडे नेलं. रॉनने दार उघडलं, झोपेने केस विस्कटलेले.

“याने माझ्यावर बंदूक रोखली,” कॅरल म्हणाली. कितीतरी महिन्यांत तिच्या तोंडून इतकं स्पष्ट वाक्य आलं नव्हतं.

रॉनने माझ्याकडे पाहिलं.

इथवर जे झालं ते एखाद्याने माफही केलं असतं. घाबरलेला माणूस, उघडं दार, न सांगता आत आलेलं कुणीतरी. रॉन चिडला असता, पोलिसांना बोलावलं असतं, कदाचित नसतंही. मला एवढंच म्हणायचं होतं — हो रॉन, खरं आहे ते.

मी म्हणालो, “मी भाजी चिरत होतो, रॉन. हातात सुरी होती. तिला तसं वाटलं असेल.”

आणि हे मी किती मायेने म्हणालो! रॉनच्या खांद्यावर हातसुद्धा ठेवला.

रॉननेच माझी माफी मागितली. कॅरल एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली. मग तिने मान खाली घातली आणि स्वतःच्या हातांकडे पाहिलं, जणू तेच काही चुकीचं सांगत होते. माझ्या डोळ्यांसमोर ती स्वतःवरच अविश्वास दाखवायला शिकली. हे मी केलं. हीच ती गोष्ट.

का केलं? परमिट जाईल म्हणून? तीन आठवड्यांवर निवडणूक होती म्हणून? की शनिवारची ती कॉफी सुटेल म्हणून? यातलं कुठलं कारण म्हटलं तर तुम्हाला मी जरा बरा वाटेन, ते शोधणं मी आता सोडून दिलंय.

दहा दिवसांनी लायब्ररीत उमेदवारांची सभा झाली. आमच्या लोकांनी मला बोलायला उभं केलं. मी म्हणालो, “माझ्याकडे इतकी वर्षं पिस्तूल आहे. आजवर एकदाही कुणावर रोखलेलं नाही. आमच्यासारख्या माणसांवर विश्वास ठेवा.” टाळ्या पडल्या. तिसऱ्या रांगेत रॉन बसला होता. कॅरलला बहिणीपाशी ठेवून खास आला होता. आधी तो कायद्याच्या बाजूने होता. बाहेर पडताना माझा हात हातात घेऊन म्हणाला, “तुझ्यासारखा शेजारी बघितला, की वाटतं माझंच चुकत होतं.”

आमचा उमेदवार थोडक्यात निवडून आला. रॉनचं मत त्यालाच पडलं. हे त्याने मला आपण होऊन सांगितलं.

कॅरल स्वतःच्या स्वयंपाकघरात पाऊल टाकेनाशी झाली. तिथे बंदूकवाला माणूस आहे म्हणायची. डॉक्टरांनाही तेच सांगितलं. डॉक्टरांचं म्हणणं पडलं, की आजवर ती नुसती विसरत होती, आता तिला नसलेलं दिसायला लागलंय. औषधं बदलली. ती दिवस दिवस झोपून राहू लागली. ख्रिसमसनंतर रॉनने तिला केअर होममध्ये ठेवलं. बर्फ फार होतं, म्हणून गाडी मी चालवली. येताना रॉन माझ्या शेजारी बसून रडला. “विसरणं मी सांभाळलं असतं रे,” तो म्हणाला. “तिची ही भीती नाही सांभाळता येत.”

मी वायपर चालू केले. गाडी चालवत राहिलो.

फेब्रुवारीत त्याच्यासोबत तिला भेटायला गेलो. मला बघताच तिने रॉनची बाही घट्ट धरली.

“हाच तो.”

“कॅरल, हा आपला शेजारी,” रॉन ओशाळून म्हणाला.

“मी खोटं बोलत नाहीये, रॉन.”

“मला माहीत आहे, हनी.” आजारी माणसाशी बोलतात त्या आवाजात.

मी पलंगाच्या पायथ्याशी फुलं घेऊन उभा होतो. एवढी सरळ संधी माणसाला सहसा दुसऱ्यांदा मिळत नाही; मला मिळाली होती. मी म्हणालो, “हाय, कॅरल.”

पिस्तूल आता पुन्हा तिजोरीत आहे. कायद्याबद्दलचं माझं मत तेच आहे. या दोन्हींनी काही फिटत नाही, आणि फिटतं असा दावाही मी करत नाही. शनिवारी त्या ऑफिसात जाणं मात्र बंद केलं. तिथे कुणी कारण विचारलं नाही.

हल्ली दर रविवारी रॉन माझ्याकडे जेवायला येतो. वरण-भात त्याला आवडायला लागलाय. माझ्याशिवाय त्याला कुणी नाही, आणि मला त्याच्याशिवाय. गेल्या रविवारी तो तिला भेटूनच आला होता. जेवता जेवता त्याने चमचा खाली ठेवला.

“एक चांगलं झालंय,” तो म्हणाला. “तो बंदूकवाला माणूस तिच्या डोक्यातून गेला. आज मीच विचारलं, तर तिला काहीच आठवेना. हसली.” त्याने डोळे पुसले.

“बरं झालं, रॉन,” मी म्हणालो, आणि त्याला आणखी भात वाढला.