पिएवेलुंगाचं घुबड

लेआर्को बेर्गोन्झीनीने अडतीस वर्षं खालच्या सपाटीवरच्या एका वर्कशॉपमध्ये लेथवर वॉशर कातले. त्यातला एखादा वॉशर कधी ना कधी शर्यतीच्या लाल गाडीत बसला असणार, अशी त्याची पक्की समजूत होती. कुणी खोदून विचारलं, तर तो म्हणायचा, "एक नाही, दोन."

गाडीचं नाव पिएवेलुंगात कुणी घेत नसे. जुन्या बायका नवऱ्याचं नाव टाळायच्या, तसं. तिचा कारखाना बारा किलोमीटरवर, वारा तिकडून असला की चाचणीच्या गाडीचा आवाज अंगणात वाळत घातलेल्या कपड्यांपर्यंत यायचा. पण बोलताना फक्त 'ती', किंवा फार तर 'लाल'. 'जिंकेल' हा शब्द तर त्याहून अशुभ. शर्यतीच्या सकाळी "काय वाटतं?" असं विचारलं की "पोचली तरी पुष्कळ," एवढंच उत्तर. आणि कुणाच्या तोंडून 'जिंकेल' निसटलंच, तर इओलेच्या बारमधली सगळी माणसं अपशकुन टळावा म्हणून एकदम खाली वाकून टेबलाच्या लोखंडी पायाला हात लावायची.

असं वाकायची वेळ मुख्यतः फादर एजीदिओंमुळे यायची. फादर बेर्गामोकडचे, म्हणजे परमुलखातले. गावात नऊ वर्षं झाली होती, पण कॉफीचा कप उचलता उचलता ते बिनदिक्कत म्हणायचे, "आज तर जिंकणारच बरं का!" की अठरा पाठी वाकल्या.

ती जिंकली की घंटा वाजवायची, ही गावची जुनी रीत. प्रार्थनेची घंटा विजेच्या बटणावर चालायची, विजयाची मात्र हाताने. दोरी जुनी, घंटा जड आणि जरा हट्टी. दोन आखूड हिसके आणि मग एक लांब ओढ, तेही खांद्यातून नाही, कमरेतून. हे गावात एकट्या लेआर्कोला जमायचं. एकतीस वर्षं तोच वाजवत होता. शर्यत बारमध्ये बघायची, झेंडा पडला की चौक ओलांडून घंटाघरात पळायचं, घंटा वाजवायची आणि परत बारमध्ये येऊन सगळ्यांच्या मिठ्या खायच्या.

बारमध्ये त्याची खुर्ची ठरलेली होती. डावीकडून तिसरी, व्हायनेरच्या उजव्या हाताला. व्हायनेर निवृत्त भूमापक. लालने कुणाला मागे टाकलं की तो लेआर्कोच्या बरगडीत कोपर मारायचा. चांगल्या मोसमात लेआर्कोच्या त्या बाजूला काळेनिळे डाग असायचे आणि त्याची बायको आफ्रा मलम लावता लावता म्हणायची, "यंदा बरं चाललंय म्हणायचं."

त्या मोसमाची पहिली शर्यत लेआर्कोने त्या खुर्चीवरून पाहिली. लाल गाडीच्या मागून धूर निघाला. दुसऱ्या शर्यतीला त्याची दाढ सुजली, तो टीव्ही न लावता घरी पडून होता. ती जिंकली. तिसरी त्याने पाहिली. ती वाळूत रुतली. चौथीच्या दिवशी भाचीच्या बाळाचा बाप्तिस्मा होता, सगळं घर चर्चमध्ये. ती जिंकली, आणि लेआर्कोने भर बाप्तिस्म्यातून उठून घंटा वाजवली. बाळ संध्याकाळपर्यंत रडत होतं.

पाचव्या शर्यतीच्या आदल्या दिवशी व्हायनेर एक चौकटीची वही घेऊन बारमध्ये आला.

"लेआर्को, बस."

"बसलेलाच आहे."

"मग ऊठ. हे उभ्याने ऐकायचं आहे." व्हायनेरने चष्मा लावला. "तू पाहिलंस, बंद पडली. तू नव्हतास, जिंकली. तू पाहिलंस, रुतली. तू नव्हतास, जिंकली. मी चाळीस वर्षं जमिनी मोजल्या आहेत. चार खुणा सरळ रेषेत आल्या की तिथे कुंपण असतं."

"म्हणजे?"

शेवटी इओले गल्ल्यामागून ग्लास पुसता पुसता म्हणाली, "म्हणजे तू घुबड आहेस रे बाबा."

आमच्याकडे याहून वाईट शिवी नाही. चोराला परत घरात घेतात. दुसऱ्याची बायको पळवणाऱ्याबरोबरही पत्ते खेळतात. पण ज्याच्या नुसत्या बघण्याने लाल बंद पडते, त्या घुबडाला टीव्हीसमोर जागा नाही.

"सत्तर वर्षांचा झालो मी! आजवर इतकी विजेतेपदं पाहिली, तेव्हा काय मी कोंबडी होतो?"

"घुबडपण उतारवयात येतं," व्हायनेर गंभीरपणे म्हणाला. "मोतीबिंदूसारखं."

पण त्याला हाकलूनही भागेना, कारण मग घंटा कोण वाजवणार? म्हणून ठराव झाला तो असा: शर्यतीच्या वेळी लेआर्कोने घंटाघरात बसायचं. टीव्ही नाही, रेडिओ नाही, फोन इओलेकडे जमा. ती जिंकली की इओले बारच्या गच्चीवर लाल कापड टांगेल. ते दिसलं की वाजवायची.

"आणि हरली तर?"

"तर काही टांगणार नाही. आम्ही रडत असू."

घरी त्याने आफ्राला सांगितलं. वाटलं, ही तरी बाजूने बोलेल. चव्वेचाळीस वर्षांचा संसार.

आफ्रा टॉर्तेलिनी वळत होती. बोटावर पिठाची गुंडाळी तशीच ठेवून तिने विचार केला. "आपल्या लग्नाच्या दिवशी बँडवाल्याच्या गाडीचा टायर फुटला होता," ती हळूच म्हणाली. दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्या टीव्हीची वायर तिने पिशवीत घातली आणि बहिणीकडे नेऊन ठेवली.

उन्हाळाभर त्याने सवलती मागून पाहिल्या. भिंतीकडे तोंड करून बसू द्या. बसू दिलं, चौथी आली. आरशातून बघू द्या. मागचा टायर गेला. स्वयंपाकघरात दार लावून नुसता आरडाओरडा ऐकू द्या. ऐकू दिला, पाऊस पडला आणि शर्यतच अर्ध्यावर थांबली. "आता हवामानापर्यंत पोचलास," व्हायनेर म्हणाला आणि वहीत नवा रकाना आखला.

मग घंटाघरच. लेआर्कोने तिथे एक स्टूल नेलं, जाड राखाडी स्वेटर ठेवला. अधूनमधून फादर एजीदिओ सोबतीला यायचे, मॉर्तादेल्ला सॉसेज घातलेला पाव घेऊन.

"तुम्हाला बघायची नसते का शर्यत, फादर?"

"तुला इथे एकटं बसवून मला तिकडे गोड लागत नाही. आणि तुझ्या हातची घंटा जवळून ऐकायला मिळते."

अशा रविवारी बऱ्याचदा लाल कापड दिसायचं. लेआर्को घंटा वाजवायचा आणि सवयीने बारकडे धावायचा. मिठ्या मिळायच्या, पण काय झालं होतं ते सांगायला कुणी थांबायचं नाही. सगळे आपापसात 'ते शेवटचं वळण!' म्हणून ओरडत असायचे आणि लेआर्को हसऱ्या चेहऱ्याने या तोंडाकडून त्या तोंडाकडे बघायचा. परक्या लग्नात जेवायला बसल्यासारखं वाटायचं त्याला. बरगडीवर एक डाग नव्हता.

डिसेंबरात वाळवंटातली शेवटची शर्यत आली, आणि हिशोब सोपा होता: पहिली आली तर विजेतेपद. मागचं आलं होतं तेव्हा व्हायनेरला केस होते.

लेआर्को आदल्या दिवशी बारमध्ये गेला आणि टोपी हातात घेऊन उभा राहिला. "एवढी एक बघू दे. मागे उभा राहतो. पुढच्या वेळी हे येईल तेव्हा मी असेन की नाही कोण जाणे."

सगळे बुटांकडे बघू लागले. इओलेचे डोळे भरून आले. व्हायनेर उठला, त्याच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवले आणि म्हणाला, "तू माझा सगळ्यात जुना मित्र आहेस. नाही."

दुसऱ्या दिवशी धुकं इतकं उतरलं की चौकातलं कारंजंही दिसेना. लेआर्को घंटाघराच्या दारात स्वेटर घालून, डोळे ताणून बसला. पलीकडे बारची गच्ची म्हणजे एक करडा डाग. फादर आज बारमध्ये होते. शेवटची शर्यत, त्यांनाही मोह झाला.

बारमध्ये तीन फेऱ्या उरल्या होत्या. लाल पुढे, निळी तिच्या शेपटीला. फादर उत्साहाने म्हणाले, "जिंकली समजा!" अठराजण वाकले, व्हायनेर सगळ्यात जोरात, आणि त्याच्या डोक्याने लांब्रुस्कोची, म्हणजे तांबड्या वाइनची, आख्खी बाटली इओलेच्या आजीच्या पांढऱ्या टेबलक्लॉथवर आडवी झाली. एरवी इओलेने शर्यत संपेपर्यंत कळ काढली असती, पण तो टेबलक्लॉथ आजीच्या हातच्या भरतकामाचा होता. तिने तो ओढला, नळाखाली धरला आणि निथळायला गच्चीच्या कठड्यावर टाकून धावत खाली आली. पंचवीस सेकंदांचं काम.

धुक्यातून लेआर्कोला दिसलं ते लाल कापड.

दोन आखूड हिसके, एक लांब ओढ. पिएवेलुंगाची घंटा दऱ्याखोऱ्यांत घुमली.

घंटेचा आवाज बारमध्ये पोचला. ती अजून धावत होती आणि घंटा वाजत होती! हे म्हणजे माणूस ऑपरेशनच्या टेबलावर असताना दारात बाराव्याचा मांडव घालण्यासारखं.

"थांबवा त्याला!" व्हायनेर किंचाळला. खुर्च्या उलट्या पडल्या. इओले, फादर, दारातली आफ्रा, सगळा बार धुक्यात घुसून घंटाघराकडे धावत सुटला, कारंज्याच्या उजवीकडून.

लेआर्कोने तोवर दोरी सोडली होती आणि एकतीस वर्षांच्या सवयीने तो मिठ्या खायला बारकडे पळत होता, कारंज्याच्या डावीकडून. धुक्यात कुणाला कुणी दिसलं नाही.

बार रिकामा. तो दोन्ही हात पसरून दारात उभा. टीव्ही चालू. पडद्यावर लिहिलं होतं: शेवटच्या दोन फेऱ्या.

त्याने डोळे मिटले. मग एक उघडला. निळी बाजूला आली होती, चाकाला चाक. त्याने परत मिटले. पण कान तर उघडेच होते, आणि ऐकलं की पाऊस पडतो हे सिद्ध झालं होतं! मग बघितलेलं काय वाईट? तो डावीकडून तिसऱ्या खुर्चीवर बसला. शेजारची खुर्ची उलटी पडली होती, ती त्याने सरळ करून जवळ ओढली. आणि बघितलं.

घंटाघरात लोकांना फक्त आपोआप हलणारी दोरी सापडली. व्हायनेरने ती मिठीत घट्ट धरली होती, जणू तेवढ्याने आधीचा आवाज परत जाणार होता. तेवढ्यात धुक्यातून हाक आली.

"जिंकली!"

"कोण आहे?"

"मी लेआर्को. जिंकली! शेवटच्या वळणावर निळी आत घुसली, लालने वाट अडवून दार लावून घेतलं, अर्ध्या गाडीने पुढे!"

"तुला कसं कळलं?" व्हायनेरने दोरी न सोडता विचारलं.

"पाहिलं."

"डोळ्यांनी?"

"नाही, कोपराने."

सतरा वर्षं ज्याची वाट पाहिली, ते विजेतेपद गावात एकट्या घुबडाने पाहिलं, आणि बाकी सगळे एक दोरी धरून उभे होते. आधी रडारड, मग घंटा, मग तळलेल्या न्योक्को-पुऱ्या आणि उरलेली सगळी लांब्रुस्को. तिसऱ्या ग्लासानंतर व्हायनेरने वही काढली. बराच वेळ आकडेमोड केली.

"लेआर्को बघत होता. आपण कुणीच बघत नव्हतो. ती जिंकली." त्याने चष्मा काढला. "घुबड तो नाही. घुबड आपण आहोत."

हिवाळाभर लेआर्कोचं कोडकौतुक चाललं. न मागता रस्सा यायचा, सारण भरलेल्या कॅपलेट्टी यायच्या. आफ्राने वायर परत आणली, आणि बँडवाल्याच्या टायरबद्दल म्हणाली, "खिळाच होता तो."

मार्चात नव्या मोसमाची पहिली शर्यत आली. पृथ्वीच्या पार पलीकडे, म्हणून आपल्याकडे पहाटे. लेआर्को दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बारमध्ये आला. त्याची खुर्ची टीव्हीसमोर मधोमध मांडली होती. बाकी एकही खुर्ची नव्हती.

"आणि तुम्ही?"

"आम्ही बाहेर," इओले म्हणाली. तिने त्याच्यापुढे कॉफी ठेवली, दिवा मालवला आणि दार लावून घेतलं.

खिडकीतून त्याला त्यांच्या पाठी दिसत होत्या. अठरा पाठी, कोटांच्या कॉलरी वर, थंडीत पाय आपटत, काचेकडे चुकूनही न बघता. फादर हात चोळत सगळ्यांना धीर देत होते. लेआर्कोने पडद्याकडे पाहिलं. लालने सुरुवातीलाच दोघांना मागे टाकलं. त्याने बरगडी पुढे केली. काही लागलं नाही.

"काय चाललंय?" व्हायनेरने पाठमोऱ्यानेच विचारलं.

"दुसरी आहे."

"छान दिसतेय का?"

"ये ना बघायला."

"वेडा आहेस का?"

नवव्या फेरीपर्यंत लेआर्कोची कॉफी गार झाली. त्याला घंटाघरातलं स्टूल आठवलं. तिथे निदान फादर तरी यायचे. बाहेर फादरांचा आवाज चढला, "अहो, चिंता कसली करता, आज तर जिंकणारच!" अठरा पाठी लोखंड शोधत वाकल्या.

आणि पडद्यावर लाल गाडी हळू झाली, कडेला गेली, मागून बारीक धूर निघाला.

लेआर्को एवढ्या जोरात उठला की खुर्ची पडली. त्याने खिडकी सताड उघडली. "बंद पडली!" तो आनंदाने ओरडला. "नववी फेरी! इंजिन गेलं! पार गेलं!"

अठरा जण गर्रकन वळले. लाल गाडी बंद पडल्याचा एवढा आनंद पिएवेलुंगात कुणी पाहिला नव्हता.

"मी एकटा बघत होतो! तरी पडली! तुम्ही घुबड नाही, मी घुबड नाही, कुणीच नाही! या रे आत, थंडीत काय मरताय!"

ते आले. खुर्च्या ओढल्या गेल्या, दिवा लागला, इओलेने सकाळीच बाटली उघडली. गाडीच्या, इंजिनाच्या, इंजिन बनवणाऱ्याच्या सात पिढ्यांच्या उद्धाराला सुरुवात झाली, आणि मागे पडलेल्या कुणा हिरव्या गाडीने दुसऱ्या हिरवीला ओलांडलं तेव्हा व्हायनेरने केवळ सवयीने कोपर मारलं. लेआर्को कळवळला, आणि हसला.

"पण मग," व्हायनेर वही चाळत म्हणाला, "कारण तर काहीतरी असणारच. दाढ सुजली होती त्या दिवशी तुझ्याकडे कोण बसलं होतं?"

"फादर. प्रार्थना म्हणायला आले होते."

"बाप्तिस्मा?"

"फादरांनीच दिला," आफ्रा म्हणाली.

"घंटाघरात सोबत? आणि शेवटच्या दोन फेऱ्यांना दोरीपाशी? म्हणजे जिंकली तेव्हा दर वेळी फादर टीव्हीपासून लांब. आणि आत्ता, इथेच खिडकीबाहेर..."

वही मिटली. एकेक करून अठरा माना फादर एजीदिओंकडे वळल्या. फादरांचा कप ओठांपाशी थांबला.

लेआर्कोने त्यांच्याकडे पाहिलं. मॉर्तादेल्लाचे पाव आठवले. आपल्या खुर्चीकडे पाहिलं, शेजारच्या कोपराकडे पाहिलं, आणि हळूच त्यांच्याकडे झुकला.

"स्वेटर स्टुलावरच आहे, फादर," तो म्हणाला. "घालून बसा. तिथे गार लागतं."