अर्जुनाची साल आणि संतपूरच्या गंगाक्का

"मॅडम, प्रोजेक्ट क्लोज करू या," एचओडी म्हणाले. रिपोर्ट त्यांच्या हातात होता. अर्क दिलेले उंदीर आणि न दिलेले उंदीर यांच्यात काहीच फरक नव्हता.

मी गुलबर्ग्याच्या एका फार्मसी कॉलेजात फार्माकॉलॉजी शिकवते. अर्जुनाची साल हृदयाला जपते का, हे आम्ही तपासत होतो. उंदरांना आधी काही दिवस सालीचा अर्क द्यायचा. मग हृदयाच्या स्नायूला इजा करणारं औषध टोचायचं. इजा झाली की स्नायूतली एन्झाइम्स रक्तात उतरतात. ती कमी सापडली, तर अर्कानं हृदय सांभाळलं असं धरायचं. पहिल्या बॅचला ती स्पष्ट कमी होती. दुसऱ्या बॅचला नाही. अँटिऑक्सिडंट टेस्ट, म्हणजे पेशींचं नुकसान करणाऱ्या कणांना अर्क आवरतो का हे नळीत पाहणं, ती मात्र दोन्ही वेळा पास. म्हणून सालीवर शंका आली नव्हती.

"सर, दोन दिवस द्या."

पहिली साल संतपूरच्या गंगाक्कांनी दिली होती. त्यांच्या शेताच्या कडेला ओढ्यावर अर्जुनाची झाडं आहेत. दुसरी मी घाईत बाजारातून उचलली होती. उरलेले तुकडे पिशवीत घालून मी बसनं संतपूर गाठलं.

अक्का अंगणात सोयाबीन वाळवत होत्या. एक तुकडा हातात घेतला आणि लगेच म्हणाल्या, "ही अर्जुनाची न्हाई."

"कशावरून, अक्का?"

"अर्जुनाची साल वरून पांढरट, गुळगुळीत. आतून गुलाबी. ही बघा की, मगरीच्या पाठीवानी. ऐनाच्या झाडाची हाय ही. तुमी कॉलेजात शिकवायलाव, अन् कुणाला इच्यारलं न्हाई व्हय?"

माझी मान खाली गेली. चुकीच्या सालीपायी एवढे उंदीर गेले, ते जास्त लागलं.

अक्का उठल्या, ओढ्यावर आल्या. झाडाच्या एकाच बाजूची साल काढली. "त्यालाबी जगायचंय," म्हणाल्या.

या वेळी साल आधी बॉटनीच्या सरांना दाखवली. प्राण्यांवरच्या प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या समितीची परवानगी नव्यानं घेतली. तिसऱ्या बॅचला एन्झाइम्स पुन्हा कमी आली. एचओडींनी फाइलवर सही केली.

पेपरच्या आभारात पहिलं नाव गंगाक्कांचं घातलं. फोन करून सांगितलं, तर म्हणाल्या, "मंग मी बीपीच्या गोळ्या सोडू का?"

"अजिबात नाही, अक्का. हे उंदरांचं झालं. माणसांचं अजून ठरायचंय."

आता बॉटनीच्या सहीशिवाय आमच्या लॅबमध्ये सालीची पिशवी उघडत नाही. हा नियम पाठ्यपुस्तकात होताच, मी तो दरवर्षी शिकवतही होते. मला तो अक्कांनी शिकवला.