रिग्गईतली जर्मन कॅसेट

कुवेतमधले एक प्रकरण अजून माझ्या मनातून गेलेले नाही. साल १९९१. इराकी फौजा हटल्या होत्या, तेलविहिरी जळत होत्या आणि ठाण्यात दुपारीही दिवे लावावे लागत. मी भारतीय दूतावासात सुरक्षेच्या कामावर होतो. संशयित भारतीय असला की स्थानिक पोलीस मला चौकशीला बोलावत.

मीना अल-अहमदीच्या रिफायनरीतला एक जर्मन इंजिनिअर परतला, तेव्हा रुमैथियातले त्याचे घर लुटले गेले होते. कॅमेरा, टेपरेकॉर्डर आणि त्याच्या शहरातल्या एका पंक बँडच्या कॅसेटी गायब होत्या. हा बँड राज्यकर्त्यांना शिव्या घालणारी गाणी करी. वेष्टनावर एका मंत्र्याला डुकराचे नाक काढले होते. असा माल कुवेतच्या दुकानात मिळणे शक्यच नव्हते.

एक कॅसेट रिग्गई या कामगार वस्तीतल्या आपल्याच खोलीत असल्याची खबर कोकणातल्या एका इलेक्ट्रिशियनने दिली. झडतीत ती त्याच्यासोबत राहणाऱ्या, त्याच्याच गावच्या सुताराच्या बॅगेत सापडली. त्या दिवसांत लुटीला माफी नव्हती. सुताराला तुरुंग अटळ दिसत होता.

"साहेबानू, माका ह्यातला कायएक ठावक नाय," तो एवढेच म्हणत राहिला.

मी इलेक्ट्रिशियनला विचारले, "तू ऐकलीस ही?"

"छे! लांबसून बघलंय फक्त. आमका आपली भजना बरी."

मुद्देमाल स्वतः तपासल्याशिवाय मी चौकशीला बसत नसे. कॅसेट मी आधीच ऐकली होती. एका गाण्यात सगळी वाद्ये मध्येच बंद पडतात. टेप संपली असेच वाटते. दोघांना समोर बसवून मी तेच गाणे लावले. आवाज थांबला. शिपायाने बटणाकडे हात नेला.

"थांब रे, संपूक नाय हा अजून," इलेक्ट्रिशियन म्हणाला. "आता बोंबलतलो तो!"

गायक किंचाळला. सुतार खुर्चीत दचकला. इलेक्ट्रिशियनचा चेहरा उतरला.

पुढे फार विचारावे लागले नाही. जर्मनाच्या घराचे वायरिंग पूर्वी त्यानेच केले होते आणि युद्धात ते रिकामे पडल्यावर लुटलेही त्यानेच. झडत्या सुरू झाल्यावर घाबरून त्याने कॅसेट सोबत्याच्या बॅगेत सरकवली आणि स्वतःच खबर दिली. कॅमेरा, टेपरेकॉर्डर आणि बाकीच्या कॅसेटीही त्याने काढून दिल्या.

सुताराला जायला सांगितले, तरी तो उठेना.

"ह्याची आवस गावात माकाच विचारतली, माझो पोरगो खय म्हणान. काय सांगू तिका?"

"जे झालं ते सांग."

"तुमका काय, साहेबानू! तुमका आमच्या गावात ऱ्हवाचा नाय."

माणूस काय सांगतो यापेक्षा त्याला काय आधीच ठाऊक आहे ते पाहावे, हे मी पुढे अनेक तरुण अधिकाऱ्यांना शिकवले. तो तपास चोख होता, याबद्दल मला आजही शंका नाही. मात्र त्यानंतर कोणालाही निर्दोष म्हणून सोडताना, तो कुठे आणि कोणापुढे परत जाणार आहे, हे मी आधी विचारून घेऊ लागलो.