घराच्या इतिहासातली एक ओळ

विद्यापीठाच्या आवारातलं ते बैठं घर वादविवाद मंडळाचं. तिथली झाडलोट आणि चहापाणी मावशींकडे. मंडळाची एक रीत होती: दर वर्धापनदिनी पाहुण्याने घराचा इतिहास उभ्याने वाचायचा. आधी चाळायचा नाही, एक ओळही गाळायची नाही.

त्यातली एक ओळ मावशींनी बावीस वर्षं मुकाट ऐकली: 'रखवालदाराच्या निष्काळजीपणामुळे मागची खोली जळाली.' तो रखवालदार म्हणजे मावशींचा नवरा.

खरं तर आग लागली होती मंडळाच्या तेव्हाच्या विद्यार्थी-अध्यक्षामुळे. कोटाला इस्त्री करून तो ती चालूच ठेवून गेला. "काका, सांभाळून घ्या, माझं वर्ष जाईल," म्हणत त्याने रखवालदाराचे पाय धरले. नवरा भोळा सांब, गप्प राहिला. आणि चौकशीत या पठ्ठ्याने बिनदिक्कत सांगितलं, की रखवालदारच शेगडी पेटवून झोपला होता. नोकरी गेली, अब्रू गेली ती वेगळीच. माणसाने घराबाहेर पडणंच सोडलं. मावशींनी मात्र झाडू सोडला नाही. लोक म्हणायचे, काय ही निष्ठा! निष्ठा कसली डोंबलाची. त्या दबा धरून बसल्या होत्या.

यंदा त्या इतिहासाच्या जुन्या वहीची पानं सुटली. चिटणीस पोरगी नवी प्रत करायला बसली. "मावशी, तुमच्याइतकं कुणाला माहीत असणार? काही राहिलं असेल तर सांगा."

मावशींनी ओले हात पुसले आणि सगळं सांगितलं. लिहिता लिहिता पोरगी थांबली. "हे खरं आहे?"

"यंदा पाहुणे म्हणून कोण येतंय?"

"ते मोठे वकील, आपले जुने अध्यक्ष... अगंबाई, तेच?"

"तेच. खोटं असेल तर सांगतील की तिथल्या तिथे."

वर्धापनदिनी मावशींनी नवऱ्याला ओढून आणून पहिल्या रांगेत बसवलं. वकीलसाहेबांनी खणखणीत आवाजात सुरुवात केली. इस्त्रीच्या ओळीपाशी आले आणि डोळे झरझर पुढच्या ओळींवरून फिरले. त्यांनी हळूच पान उलटायला घेतलं, तशी सगळी पोरं रीतीप्रमाणे ओरडली, "गाळायचं नाही!"

साहेब खाली मान घालून पुटपुटत वाचू लागले. इस्त्री, धरलेले पाय, चौकशीतलं खोटं, सगळं. कॉलर घामाने भिजली. मावशींचं काळीज असं निवलं, की चहा ओतायचंही त्या विसरल्या. साहेबांनी एकदाची वही मिटली.

"पुन्हा वाचा, साहेब," मावशी दारातूनच म्हणाल्या. "जरा मोठ्यानं. यांना कमी ऐकू येतं."